स्पॅनिशचे भूतकाळ आणि 'मी झोपले होते'

प्रश्न : दीड वर्षापासून मी स्पॅनिश शिकते आहे. वर्तमानकाळात फारसे अडत नाही, पण भूतकाळ आला की हात थांबतो. वर्गात आम्हाला एक तक्ता दिला होता. 'काल', 'गेल्या वर्षी', 'त्या रात्री' असे शब्द आले की इन्देफिनिदो (साधा भूतकाळ) वापरायचा आणि 'नेहमी', 'रोज', 'लहानपणी' असे शब्द आले की इम्पेर्फेक्तो (अपूर्ण भूतकाळ). तो तक्ता पाठ करूनही मी लिहिलेल्या सहा वाक्यांपैकी पाच वाक्यांवर लाल रेघा आल्या. ती वाक्ये सोबत पाठवते आहे. शिवाय माझ्या आधीच्या शिक्षिका माद्रिदच्या होत्या आणि आताचे शिक्षक मेक्सिकोचे आहेत. त्यांनी बरोबर म्हटलेले हे बदलतात. पुस्तकात 'उबो तेर्मिनादो' असेही एक रूप दिसले. तेही शिकायचे का?

उत्तर : आपली सहा वाक्ये मी दोनदा वाचली. पाच चुका पाहून आपण खचला असाल, पण त्या चुका पाच ठिकाणांहून आलेल्या नाहीत. एक चूक त्या तक्त्यामुळे झाली आहे, एक इंग्रजीमुळे आणि उरलेल्या तीन चक्क मराठीमुळे. ज्या मराठीने तीन चुका करायला लावल्या तीच या विषयात आपली सर्वांत मोठी मदतनीस आहे, म्हणून आपल्या वाक्यांच्याच आधाराने पुढे जाऊ. स्पॅनिश शब्दांचे उच्चार देवनागरीत जमतील तितके जवळचे दिले आहेत.

आपण लिहिले आहे : 'एसा नोचे योबिओ. आबिआ दोर्मिदो. सोनो एल तेलेफोनो. मि माद्रे दिखो के मि तिआ एस्ता एन्फेर्मा. तेनिआ के इर. बिबिआ आयी त्रेस सेमानास.' मनातला मजकूर आपण मराठीतही दिला आहे, हे फार चांगले केले : 'त्या रात्री पाऊस पडत होता. मी झोपले होते. फोन वाजला. आई म्हणाली की मावशी आजारी आहे. मला जावे लागले. मी तिथे तीन आठवडे राहत होते.' यांपैकी फोन वाजल्याचे तिसरे वाक्य तेवढे निर्दोष आहे.

पहिल्या वाक्यापासून सुरुवात करू. मराठीत आपण 'पाऊस पडत होता' असे लिहिले आणि स्पॅनिशमध्ये मात्र 'योबिओ', म्हणजे 'पाऊस पडला'. असे का झाले? 'त्या रात्री' हे शब्द तक्त्याच्या इन्देफिनिदोच्या रकान्यात होते म्हणून. मराठीत जे आपल्याला न विचारता बरोबर सुचले होते, ते तक्त्याने खोडले. इन्देफिनिदो आणि इम्पेर्फेक्तो यांच्यातला फरक घटना कधी घडली याचा नसून बोलणारा तिच्याकडे कुठून पाहतो याचा आहे. 'योबिओ' म्हणताना पाऊस सुरू होऊन थांबलेला, एक पुरा झालेला प्रसंग म्हणून आपण बाहेरून पाहतो. 'योबिआ' म्हणताना आपण त्या पावसातच उभे असतो, तो कधी लागला आणि कधी उघडला याच्याशी आपल्याला कर्तव्य नसते. 'पाऊस पडला' आणि 'पाऊस पडत होता' यांतला फरक मराठी माणसाला कोणी शिकवावा लागत नाही. इंग्रजीत मात्र साधा भूतकाळ दोन्हीकडे चालून जातो, आणि बहुतेक पाठ्यपुस्तके इंग्रजी वाचकांसाठी लिहिलेली असल्यामुळे त्यांना कालदर्शक शब्दांचे तक्ते करावे लागतात.

तो तक्ता किती लवकर कोसळतो ते पाहा. 'काल मी निघाले तेव्हा पाऊस पडत होता' याचे स्पॅनिश 'आयेर, कुआन्दो साली, योबिआ' असे होते. वाक्यात 'आयेर' म्हणजे 'काल' आहे, तरी पाऊस इम्पेर्फेक्तोत आहे. 'गेल्या आठवड्यात मी रोज ग्रंथालयात गेले' हे 'ला सेमाना पासादा फुई तोदोस लोस दिआस आ ला बिब्लिओतेका' असे होते. 'रोज' हा शब्द असूनही क्रियापद इन्देफिनिदोत आहे, कारण तो आठवडा संपला, मोजून झाला आणि कडी लागली. 'मला नेहमीच वैद्य व्हायचे होते' यासाठी 'सिएम्प्रे किसे सेर मेदिका' हे वाक्य सर्रास ऐकू येते, आणि त्यात 'नेहमी' असूनही इन्देफिनिदो आहे. कालदर्शक शब्द सुचवतात, पण हुकूम देत नाहीत. तो तक्ता आपण बाजूला ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी कानाची एक कसोटी वापरून पाहा. वाक्याच्या आधी मनातल्या मनात 'मग' हा शब्द ठेवायचा. 'मग फोन वाजला' हे सहज बसते, म्हणजे गोष्ट एक पाऊल पुढे गेली आणि इन्देफिनिदो आला. 'मग पाऊस पडत होता' हे कानाला खटकते, कारण ते वाक्य गोष्ट पुढे नेत नाही, मागचा पडदा रंगवते. तिथे इम्पेर्फेक्तो येतो. मराठी व्याकरणात अपूर्ण भूतकाळ आणि रीती भूतकाळ असे जे दोन वेगळे प्रकार आपण शाळेत शिकलो, ते दोन्ही स्पॅनिशमध्ये या एकाच रूपात मावतात. 'ती पत्र लिहीत होती' आणि 'ती दर रविवारी पत्र लिहीत असे' या दोन्हींसाठी 'एस्क्रिबिआ' चालते. पहिल्या अर्थी 'एस्ताबा एस्क्रिबिएन्दो' असेही म्हणता येते, दुसऱ्या अर्थी सहसा नाही.

'ने' प्रत्यय हा आणखी एक खुणेचा दगड आहे. 'तिने दार उघडले' मध्ये 'ने' आहे, तिथे 'आब्रिओ'. 'ती दार उघडत होती' मध्ये तो नाही, तिथे 'आब्रिआ'. ही खूण 'म्हणणे', 'बोलणे', 'विसरणे', 'शिकणे' अशा क्रियापदांना लागू पडत नाही, कारण आपण 'ती म्हणाली', 'ती विसरली' असेच म्हणतो. 'उघडले होते' मध्येही 'ने' असतोच, म्हणून शेवटी 'होते' आहे का हेही पाहावे लागते. तरीही लिहिता लिहिता अडखळलेल्या हाताला ती बऱ्याचदा उपयोगी पडते.

आता पाचवे वाक्य, कारण त्यातली चूक मला सर्वांत बोलकी वाटली. मराठीत आपण 'मला जावे लागले' असे अचूक लिहिले आहे आणि स्पॅनिशमध्ये 'तेनिआ के इर'. हे इंग्रजीच्या वळणाने झाले असावे, कारण 'जायचे होते' आणि 'जावे लागले' या दोन्हींसाठी इंग्रजीत एकच शब्दप्रयोग चालतो. स्पॅनिशमध्ये ते वेगळे आहेत आणि मराठीतही तितकेच वेगळे आहेत. 'तेनिआ के इर' म्हणजे 'मला जायचे होते', आणि ती व्यक्ती गेली की नाही हे त्यात कळत नाही. 'तुबे के इर' म्हणजे 'मला जावे लागले', म्हणजे ती गेली. आपण इंग्रजीचा पूल न ओलांडता थेट मराठीतून गेला असता तर ही चूक झालीच नसती.

हे एक उदाहरण नाही, हा पूर्ण एक परिवार आहे. स्थिती दाखवणाऱ्या क्रियापदांचा अर्थ इन्देफिनिदोत बदलतो असे पुस्तके सांगतात आणि विद्यार्थी ते अर्थ घोकत बसतात. मराठीत मात्र बहुतेक जोड्यांना वेगळे शब्द आधीपासूनच आहेत. 'साबिआ' म्हणजे 'माहीत होते' आणि 'सुपे' म्हणजे 'कळले'. 'कोनोसिआ' म्हणजे 'ओळखत होते' आणि 'कोनोसी' म्हणजे 'ओळख झाली'. 'आबिआ मुचा खेन्ते' म्हणजे 'खूप लोक होते', तर 'उबो उन आक्सिदेन्ते' म्हणजे 'अपघात झाला'. 'पोदिआ आब्रिर्लो' म्हणजे 'मला ते उघडता येत होते', उघडले की नाही ते गुलदस्त्यात; 'पुदे आब्रिर्लो' म्हणजे 'उघडायला जमले'. 'नो केरिआ इर' म्हणजे 'मला जायचे नव्हते', कदाचित नाइलाजाने गेलेही असेन. 'नो किसे इर' मध्ये मात्र नकार दिला आणि गेले नाही, हे दोन्ही आले. असणे आणि होणे, माहीत असणे आणि कळणे, येणे आणि जमणे ही जोडी आपण दिवसभर वापरतो. तिच्यावर विसंबावे. केवळ नम्रतेसाठी वापरलेला भूतकाळसुद्धा दोन्ही भाषांत सारखाच आहे : 'मला जरा विचारायचे होते' आणि 'केरिआ प्रेगुन्तार्ले उना कोसा'. दोन्हीकडे विचारणे अजून व्हायचेच असते.

या परिवारात एकच जागा निसरडी आहे, ती 'एरा' आणि 'फुए' यांची. 'होता' म्हणजे 'एरा' आणि 'झाला' किंवा 'ठरला' म्हणजे 'फुए' हे बऱ्याच वेळा जुळते, पण काळाला दोन्ही बाजूंनी कुंपण असले की मराठी 'होती'च म्हणते आणि स्पॅनिश 'फुए' मागते. मिचेल बाचेलेत २००६ ते २०१० या काळात चिलीच्या राष्ट्राध्यक्ष होत्या, हे वाक्य स्पॅनिशमध्ये 'फुए प्रेसिदेन्ता' असेच होईल. 'फुए' हेच रूप 'गेली' या अर्थीही वापरतात, आणि ते संदर्भाने ओळखण्याला पर्याय नाही.

आपल्या सहाव्या वाक्यातली चूक याच कुंपणाची आहे. 'तीन आठवडे राहत होते' असे मराठीत बिनदिक्कत म्हणता येते. आपण मुदत मोजून सांगतो आणि तरीही अपूर्ण भूतकाळ वापरतो, आणि कोणालाही त्यात वावगे वाटत नाही. स्पॅनिशला ते खपत नाही. तीन आठवडे मोजले म्हणजे दोन्ही टोके दिसली, आणि दोन्ही टोके दिसली म्हणजे इन्देफिनिदो : 'एस्तुबे आयी त्रेस सेमानास' किंवा 'मे केदे त्रेस सेमानास'. 'बिबिर' हे क्रियापद बिऱ्हाड करून राहण्यासाठी ठेवावे, मुक्कामासाठी ते जड पडते. याच कारणाने 'रात्रभर पाऊस पडत होता' याचे स्पॅनिश 'एस्तुबो योबिएन्दो तोदा ला नोचे' असे होते. क्रिया चालू असल्याचा रंग शेवटच्या शब्दात राहतो आणि कुंपण 'एस्तुबो' मध्ये येते. 'पासून' आले की गणित वेगळे होते. 'दोन वर्षांपासून मी इथे राहते' याला मराठीप्रमाणे स्पॅनिशमध्येही वर्तमानकाळच लागतो.

दुसरे वाक्य या पत्राचे खरे दुखणे आहे. 'मी झोपले होते' हे रूप पूर्ण भूतकाळाचे दिसते, म्हणून आपण 'आबिआ दोर्मिदो' लिहिले. रूपाला रूप जुळवले तर ते बिनचूक आहे. पण त्या क्षणी आपण काय सांगत होता? झोप पूर्ण झाली होती असे नव्हे, आपण झोपेत होता. मराठीतला '-ले होते' हा प्रयोग दोन कामे करतो : एखादी क्रिया दुसऱ्या क्रियेच्या आधीच उरकली होती हे सांगतो आणि एखादी स्थिती त्या वेळी चालू होती हेही सांगतो. 'ती खिडकीत बसली होती', 'त्याने काळा कोट घातला होता', 'दिवा लागला होता' या तिन्ही वाक्यांत स्थिती आहे, आणि स्पॅनिशमध्ये ती अनुक्रमे 'एस्ताबा सेन्तादा', 'येबाबा उन आब्रिगो नेग्रो', 'ला लुस एस्ताबा एन्सेन्दिदा' अशी, म्हणजे इम्पेर्फेक्तोत जातात. आपले वाक्य 'दोर्मिआ' किंवा 'एस्ताबा दोर्मिदा' असे हवे. 'आबिआ दोर्मिदो' चुकीचे नाही, पण त्याची जागा दुसरी आहे. 'आदल्या रात्री नीट झोपले नव्हते म्हणून सकाळी डोके दुखत होते' अशा वाक्यात ते शोभते.

'-ले होते' चा तिसरा उपयोगही आहे आणि तो मराठी भाषकांच्या लिखाणात मी सर्वाधिक वेळा पाहतो. 'परवा मी ग्रंथालयात गेले होते' असे आपण सहज म्हणतो. इथे दुसरी कोणतीही घटना नाही, जाऊन परत आले एवढाच अर्थ आहे. त्याचे 'आबिआ इदो' केले की स्पॅनिश ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट पाहत राहतो : गेली होतीस, मग काय झाले? तिथे साधे 'फुई' पुरे. खरा प्लुस्कुआम्पेर्फेक्तो, म्हणजे स्पॅनिशचा पूर्ण भूतकाळ, ओळखायला 'आधीच' हा शब्द घालून पाहावा. 'मी पोहोचले तेव्हा गाडी आधीच सुटली होती' हे बसते, म्हणून 'एल त्रेन या आबिआ सालिदो'. 'परवा मी ग्रंथालयात आधीच गेले होते' म्हटले की अर्थच बदलतो, म्हणून तिथे तो नको.

राहिले चौथे वाक्य. मराठीत कोणाचे बोलणे सांगताना आपण तिच्या तोंडचा काळ जसाच्या तसा ठेवतो : 'आई म्हणाली की मावशी आजारी आहे.' 'म्हणाली' भूतकाळात असले तरी 'आहे' हलत नाही. स्पॅनिशमध्ये मुख्य क्रियापद भूतकाळात गेले की आतले क्रियापदही सहसा मागे सरकते : 'दिखो के मि तिआ एस्ताबा एन्फेर्मा.' 'तो म्हणाला की येतो' हे 'दिखो के बेनिआ' होते. 'के' नंतर मराठीचा वर्तमानकाळ डोकावला की थांबावे, एवढे पथ्य काही महिने पाळले तरी ही चूक सुटते. मावशी आजही आजारी असेल तर 'एस्ता' चालू शकते, पण आपल्या गोष्टीत ते गैर आहे.

तेव्हा आपला परिच्छेद असा होईल : 'एसा नोचे योबिआ. दोर्मिआ. सोनो एल तेलेफोनो. मि माद्रे दिखो के मि तिआ एस्ताबा एन्फेर्मा. तुबे के इर. मे केदे त्रेस सेमानास.' गोष्ट पुढे नेणारी चार क्रियापदे इन्देफिनिदोत आणि मागचा देखावा इम्पेर्फेक्तोत, हे आता नुसत्या डोळ्यांनाही दिसेल. चिलीमध्ये राहून व्याकरण लिहिणारे आन्द्रेस बेयो यांनी १८४७ मध्ये इम्पेर्फेक्तोला 'कोप्रेतेरितो', म्हणजे भूतकाळातल्या दुसऱ्या गोष्टीच्या सोबतीने चाललेला काळ, असे नाव दिले होते. मेक्सिकोतील शाळांमध्ये ते नाव आजही चालते, त्यामुळे आपल्या शिक्षकांच्या तोंडी ते आले तर गोंधळू नये. इन्देफिनिदोलाही कुणी 'प्रेतेरितो' म्हणते, कुणी 'पेर्फेक्तो सिम्प्ले'. रूप एकच आहे.

आपल्या दोन शिक्षकांचा वाद खरा तर वाद नाही. माद्रिदमध्ये आज सकाळी घडलेली गोष्ट 'ए कोमिदो' ('मी जेवले आहे') अशा संयुक्त रूपात सांगतात, कारण 'आज' अजून संपलेला नसतो. काल घडलेली 'कोमी' अशी. मेक्सिकोत आज जेवण झाले तरी 'या कोमी' असेच म्हणतात आणि संयुक्त रूप अजून चालू असलेल्या गोष्टींसाठी राखून ठेवतात : 'या वर्षी खूप पाऊस झाला आहे' यासाठी 'आ योबिदो मुचो एस्ते आन्यो'. 'तो अजून आला नाही' याला माद्रिदकर 'तोदाविआ नो आ येगादो' म्हणेल आणि मेक्सिकोचा माणूस बऱ्याचदा वर्तमानकाळ वापरून 'तोदाविआ नो येगा' म्हणेल. खुद्द स्पेनमध्येही गॅलिसिया, अस्तुरियास आणि कॅनरी बेटांवर साध्या रूपाकडे कल आहे, तर बोलिव्हियात आणि अर्जेंटिनाच्या वायव्य भागात संयुक्त रूप अधिक ऐकू येते. इन्स्तितुतो सेर्वान्तेस या संस्थेच्या देले या स्पॅनिश भाषेच्या परीक्षेत कोणत्याही प्रदेशातील सुशिक्षितांची रीत चालते, फक्त ती सातत्याने पाळावी. आपण आता मेक्सिकोच्या शिक्षकांकडे शिकत असल्याने त्यांची रीत धरावी. एक सावधगिरी मात्र दोन्हीकडे लागू आहे. मराठीत 'तो काल आला आहे' चालते. माद्रिदमध्ये काय किंवा मेक्सिकोत काय, 'आयेर' सोबत 'आ बेनिदो' न लिहिता 'बिनो' लिहावे.

रूपांबद्दल थोडेच सांगतो. इम्पेर्फेक्तोत अनियमित क्रियापदे फक्त तीनच आहेत : 'एरा', 'इबा' आणि 'बेइआ'. पाठांतराचा सगळा भार इन्देफिनिदोवर आहे आणि तो टळत नाही. तिथे शेवटच्या अक्षरावरचा आघात सांभाळा. 'त्राबाखो' मध्ये जोर मधल्या अक्षरावर असेल तर 'मी काम करते' आणि शेवटच्यावर असेल तर 'त्याने काम केले'. लिहिताना ती छोटी तिरकी रेघ विसरली की वाक्याचा कर्ता आणि काळ दोन्ही बदलतात.

उरला 'उबो तेर्मिनादो'. 'संपवले न संपवले तोच' या अर्थाने 'आपेनास' सारख्या शब्दांनंतर तो जुन्या आणि साहित्यिक गद्यात येतो. बोलण्यात तो जवळजवळ नाहीच. वाचताना ओळखता आला म्हणजे झाले. लिहिताना 'आपेनास तेर्मिनो' असे साधे इन्देफिनिदो लिहिले तर आपले कोणतेही शिक्षक त्यावर रेघ ओढणार नाहीत.